कूलरचं तोंड

आमच्या घरी कूलर एकच आहे आणि त्याचं तोंड कोणाकडे असावं याचा कायदा आईने केलेला आहे. पाहुणा आला की तोंड पाहुण्याकडे. पाहुणा नसला की तोंड खोलीच्या मधोमध, म्हणजे कोणाकडेच नाही, आणि ज्याच्या वाट्याला जी झुळूक येईल ती त्याने गोड मानून घ्यायची. वडील मिलमधून घामाने निथळत घरी यायचे, पण त्यांनी कधी कूलरसमोर खाट ओढल्याचं मला आठवत नाही. एकदा मी शाळेतून येऊन कूलरच्या जाळीला नाक लावून उभी राहिले, तर आईने मला बखोटीला धरून बाजूला केलं. "घरचा माणूस कूलरसमोर बसते काय?" असं तिने विचारलं. उत्तराची तिला गरज नव्हती.

पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. हसोत बापडे. त्यांनी मे महिन्यातली नागपूरची दुपार पाहिलेली नसते. इथे त्या दिवसांत पाहुण्याला एखादवेळी चहा विचारायचा राहिला तर तो माफ करेल, पण कूलर त्याच्याकडे फिरवला नाही तर तो घरी जाऊन तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आमच्या गल्लीत अशा कारणावरून दोन सोयरे वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मला दोघांचंही म्हणणं पटतं.

मी प्लास्टिक बनवते. हे ऐकलं की मावशी विचारते, "बादल्या का वं?" मी पूर्वी चिडायची, आता हो म्हणते. कारण खरं सांगायला बसलं की मावशीच्या चेहऱ्यावर जी दया येते ती मला सहन होत नाही. खरं असं, की आमचं प्लास्टिक गुळाच्या पाकाच्या रंगाचं असतं आणि आरपार दिसतं. ते वाफेच्या भट्टीत रोज उकळून काढा, वर्षानुवर्षं काढा, हूं की चूं करत नाही. त्याला काडी लावली तर ते जळायला नकार देतं. दवाखान्यात शस्त्रक्रियेची अवजारं ज्या पेट्यांमध्ये ठेवून वाफवतात त्या पेट्या, विमानातल्या खुर्च्यांचे भाग, विजेचे जोड, अशा ठिकाणी ते लागतं. जगात ते बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि कृती कोणी कोणाला सांगत नाही.

त्याच्या या ताठपणाचं कारण म्हणजे त्याच्या रेणूच्या साखळीत गुंफलेल्या सहा-सहा कार्बनच्या कड्या. साध्या प्लास्टिकची साखळी तापली की लवते, वाकते, होला हो करते. ही कडी वाकत नाही. नव्या इंजिनियरांना मी सांगायची की कडी म्हणजे आमची आई समजा, एकदा बसली की बसली. ते वहीत लिहून घ्यायचे. आईला हे कळलं असतं तर तिने त्यांना जेवायला बोलावून माझं लहानपण सांगितलं असतं.

पण या हेकट पदार्थाची एक खोड आहे. तो हवेतला ओलावा चोरून पितो. त्याचे दाणे करून साच्याच्या यंत्रात वितळवायचे असतात, आणि दाण्यांत जराशी ओल राहिली की आत तिची वाफ होते, वस्तूवर चंदेरी रेघा उठतात आणि वस्तू ठिसूळ होते. आगीने ज्याचं काही बिघडत नाही ते दमट हवेने बिघडतं. म्हणून दाणे आधी कडक वाळवावे लागतात, अगदी कुरडयांसारखे. कुरडई अर्धी वाळलेली तळली तर काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला माझा विषय निम्मा समजला.

मी आधी पुण्याच्या एका कंपनीत होते. वडील गेले तेव्हा मी आईला म्हटलं, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "मी इथून हलत नाही. तुले यायचं असन तं ये." तिची सकाळची विहारातली वंदना, तिच्या गल्लीतल्या बाया, वडिलांनी एकेक वीट करून बांधलेलं उत्तर नागपुरातलं दोन खोल्यांचं घर, हे सगळं सोडून ती पुण्यात माझ्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय करणार होती? लग्न मी केलेलं नाही, भाऊ-बहीण नाही. तेव्हा मीच आले. चिडत आले, पण आले.

नागपुरात माझ्या विद्येला विचारतं कोण? एकच भेटले. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. पाण्याचे पाइप विकून त्यांनी पैसा केला होता आणि आता त्यांना काहीतरी असं करायचं होतं की जे ऐकून व्याही गप्प बसतील. हिंगण्याच्या बाजूला त्यांची शेड होती. तिथे आम्ही छोटी भट्टी लावली, आणि पुढची काही वर्षं मी जे शिजवलं ते कुत्र्याने हुंगलं नसतं. एक घाणा काकवीसारखा काळा निघाला. एक हातात घेताच चिक्कीसारखा मोडला. माझ्या केसांना द्रावकाचा वास कायमचा लागला आणि आई मला न्हाल्याशिवाय चुलीकडे येऊ देईना. मालकांनी भट्टीला लिंबू-मिरची बांधली. मी वैज्ञानिक म्हणून विरोध केला. पुढचा घाणा बरा निघाला, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरले नाही.

पण जमत गेलं. हळूहळू रंग उजळला, साखळी लांबली, आणि एके दिवशी साच्यातून जी पाटी आली तिच्यातून मला पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ वाचता आलं. त्या दिवशी मी शेडच्या मागे जाऊन एकटीच रडले. आनंदाने रडले, उगीच खोटं कशाला बोलू.

मग चेन्नईच्या एका कंपनीने रस दाखवला. ते दवाखान्याच्या पेट्या बनवत. त्यांचा तपासनीस येणार, त्याच्या डोळ्यांदेखत आम्ही दाणे वाळवून पाट्या काढणार, आणि त्याला पसंत पडल्या तर माल त्यांचा. मालकांनी मला बसवून स्वच्छ सांगितलं होतं. पाट्या पास झाल्या तर मोठा कारखाना इथेच, हिंगण्याला. नापास झाल्या तर हे खूळ बंद, ते आपले पाइप विकायला मोकळे आणि मी माझी वाट धरायला मोकळी. माझी वाट म्हणजे नागपूरबाहेरची. पाट्या पास, तर मी आईजवळ. नापास, तर आई इथे आणि मी कुठेतरी.

आता वाळवण्याचं. हवेतलं पाणी शोषून अगदी कोरडी हवा दाण्यांवर सोडणारं खास यंत्र मिळतं. ते महाग असतं, आणि मालकांचा हात पाइपांच्या धंद्यात आखडता झालेला. आमच्याकडे होतं ते साधं यंत्र, शेडमधलीच हवा ओढायचं, तापवायचं आणि दाण्यांतून फिरवायचं. पावसाळ्यात त्याचा काही उपयोग नाही. पण मी म्हटलं, कशाला पाहिजे महागडं यंत्र? मे महिन्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत तो पापड होतो. नागपूरची मे महिन्यातली हवा जगातल्या कुठल्याही यंत्राच्या तोंडात मारेल. ट्रायल मे महिन्यात ठेवा. मालकांना ही कल्पना इतकी आवडली की ते भेटेल त्याला सांगत सुटले, आमच्या मॅडमने हवेतून यंत्र काढलं.

चेन्नईवाल्यांनी विचारलं, डिसेंबरात नाही का जमणार? मी कळवलं, नाही, मे महिनाच. मे महिन्यात स्वखुशीने नागपूरला येणारा तो तपासनीस बहुधा पहिलाच माणूस असावा.

तो आला. पन्नाशीचा, किडकिडीत, हळू बोलणारा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला. हिंदी अडखळत बोलायचा, पण बोलायचा. मालक त्याला घ्यायला जातीने विमानतळावर गेले होते. ऊन लागू नये म्हणून त्यांनी गाडीतच त्याच्या खिशात एक कांदा घातला. तो कशासाठी हे त्याने विचारलं नाही आणि मालकांनी सांगितलं नाही, त्यामुळे दिवसभर तो माणूस खिशात कांदा सांभाळत आमच्या शेडमध्ये वावरत होता.

मी तेव्हा प्रयोगशाळेत आदल्या दिवशीचे दाणे तपासत होते. कोरडे ठणठणीत होते. मनातल्या मनात मी कारखान्याची कोनशिला बसवली आणि खुशीत यंत्राच्या हॉलमध्ये आले, आणि दारातच थबकले.

हॉलमध्ये कूलर होता. आणि कूलर म्हणजे घरातला नव्हे. लग्नाच्या मांडवात वरपक्षाच्या बाजूला लावतात तो, पुरुषभर उंचीचा, चाकांवरचा. मालकांनी तो मांडववाल्याकडून आणवला होता. त्याच्यासमोर गादीची खुर्ची, खुर्चीवर पाहुणा, आणि पाहुण्याच्या पाठीशी चार हातांवर आमचं वाळवणीचं यंत्र, शेडमधली हवा पोटात ओढत असलेलं. कूलर फुर्रफुर्र पाणी उडवत होता. ते पाहुण्याच्या अंगावरून जात होतं आणि सरळ माझ्या दाण्यांत शिरत होतं.

माझं डोकं भणाणलं. जगातली सगळ्यात कोरडी हवा मिळावी म्हणून मी माणसाला मे महिन्यात बोलावलं, आणि मे महिन्यात बोलावलं म्हणून त्याच्यासाठी कूलर आला. यात चूक कोणाची काढायची? उन्हाची?

मी मालकांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की कूलर आत्ताच्या आत्ता बंद करा, दाणे सादळून राहिले आहेत. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाहुण्याच्या ताटातली पोळी उचला म्हणाले. "मॅडम, पाहुण्याचा कूलर बंद करू? चेन्नईले जाऊन काय सांगन तो? नागपूरच्या लोकाईनं मले घामात बसवलं म्हणून?" मी म्हटलं, सांगू देत. ते म्हणाले, थोडा वेळ चालू द्या, इतक्याशा पाण्यानं काय होते.

पहिल्या काही पाट्या छान आल्या, कारण यंत्रात आधी गेलेले दाणे कोरडे होते. पाहुणा एकेक पाटी उजेडात धरून पाहायचा, मान हलवायचा आणि डाव्या हाताला ठेवायचा. मग एका पाटीच्या कोपऱ्यात रेघ दिसली. पुढच्या पाटीत तीन. मग पाटीवर गोगलगाय फिरून गेल्यासारखी दिसू लागली.  पाहुणा त्या पाट्या आता उजव्या हाताला ठेवू लागला.

मी यंत्रावरच्या ऑपरेटरकडे पाहिलं. वाडीला खोली करून राहणारा, माझ्यासोबत पहिल्या घाण्यापासून असलेला माणूस. त्यालाही समजलं होतं, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. मी जवळ गेले तर तो पुटपुटला की मॅडम, मी काय बोलू, मालकानं सोता पाणी भरलं. खरं तर हॉलमधल्या सगळ्यांना समजलं होतं. पण पाहुण्याचा कूलर बंद करणारं माणूस नागपुरात अजून जन्माला यायचं होतं.

म्हणून मी डावपेच लढवले. पाहुण्याला म्हटलं, सर, इकडे माझ्या टेबलाशी बसा, इथे उजेड चांगला आहे. तो निमूट उठून आला. मालकांनी लगेच चाकांवरचा कूलर ढकलत त्याच्या मागोमाग आणला, आणि आता तो यंत्राच्या आणखी जवळ आला. मग मी ठरवलं की टाकीतलं पाणी संपू द्यायचं. पाणी संपलं की कूलर नुसती गरम हवा फेकतो, म्हणजे आम्हाला पाहिजे तीच. मी आणि ऑपरेटर टाकीवर डोळा ठेवून बसलो. पाणी तळाशी आलं, मला जरा धीर आला, आणि मालक नळी घेऊन हजर झाले. नुसती नळी नाही. त्यांनी बर्फाची लादी मागवली होती. ती त्यांनी आपल्या हाताने टाकीत सोडली आणि पाहुण्याकडे पाहून प्रेमाने हसले. पाहुणाही हसला. त्याने रुमाल काढून कानाला गुंडाळला, तेव्हा मला वाटलं हा इथल्या लोकांचं पाहून उन्हापासून कान झाकून घेतो आहे.

उजवीकडची चळत वाढत चालली. मी तिच्याकडे बघत उभी होते आणि मला आमचं घर दिसत होतं. मधोमध तोंड केलेला कूलर, आणि त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून एकटी बसलेली आई. एवढी वर्षं मी त्या पाकाच्या मागे लागले ती कशासाठी? देशासाठी, असं मी भाषणात म्हणते. हिच्याजवळ राहता यावं म्हणून लागले होते. आणि ते सगळं आता बर्फाच्या लादीपायी वाहून चाललं होतं. मला कसलाच विचार सुचला नाही. मी भिंतीपाशी गेले आणि प्लग उपटला.

कूलर थांबला. हॉलमध्ये टाकीतला बर्फ हललेला ऐकू आला. मालकांनी डोळे मिटून घेतले. मी पाहुण्यासमोर जाऊन हिंदीत बोलले, ते इथे मराठीत सांगते. "सर, हा कूलर तुमच्यासाठी आहे, पण माझ्या दाण्यांना तो चालत नाही. आता तुम्हाला उकडेल. माफ करा."

त्याने कानाचा रुमाल सोडला. "मॅडम, मी सकाळपासून कुडकुडतो आहे," तो म्हणाला. "पण बंद करा म्हणणं बरं दिसलं नसतं."

मला हसावं की त्या दोघांना एकाच टाकीत बुडवावं ते समजेना. आम्ही घामाने भिजत सभ्यपणे उभे होतो, तो थंडीने काकडत सभ्यपणे बसला होता, आणि मधल्या मधे माझे दाणे मरत होते. मालक तेवढ्यात सावरले. त्यांनी एक पुठ्ठा शोधला आणि पाहुण्याला वारा घालायला सुरुवात केली.

सादळलेले दाणे काढून ताजे वाळायला टाकले. त्याला आता दुपार जाणार होती. पाहुण्याला हॉटेलचं नको होतं, घरचं साधं काही मिळेल का असं त्याने लाजत विचारलं. मालकीणबाई माहेरी गेलेल्या, म्हणून मी त्याला आमच्या घरी नेलं. निघताना फोन केला होता, तेव्हा आईने काय केलं असेल हे मला ठाऊक असायला हवं होतं. दार उघडलं तर कूलर दरवाजाकडे तोंड करून सुरू, समोर धुतलेली चादर घातलेली खुर्ची. पाहुण्याने कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी आईला म्हटलं, "त्याईले थंडी वाजते वं आई, बंद कर." आई म्हणाली, मे महिन्यात? आणि मला वेड्यात काढून ती आत पाटवडीचा रस्सा वाढायला गेली. तो माणूस कूलरसमोर बसून जेवला. रस्सा तिखट होता, त्यामुळे त्याला एकाच वेळी घाम आणि काटा दोन्ही येत होते. आईने आग्रह करकरून वाढलं, शेवटी हात पुसत त्याच्यासमोर बसली आणि आपल्या हिंदीत तिने तेवढं एक विचारलं. "बेटी यहीं रहेगी ना साहब?"

तो समजून होता की नाही कोण जाणे. पण त्याने हात जोडले आणि म्हणाला, "ज़रूर, माँजी."

आईचा चेहरा असा उजळला की मी ताटं उचलायच्या निमित्ताने आत निघून गेले.

परत जाताना गाडीत त्याने विचारलं की सकाळच्या पाट्यांचं नेमकं काय झालं. त्याला काहीही थापलं असतं तरी चाललं असतं. दाण्यांचं एक पोतं जुनं निघालं म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती. पण ज्याने आत्ताच माझ्या आईला शब्द दिला त्याच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. मी सगळं सांगितलं. आमचं यंत्र शेडचीच हवा ओढतं, मे महिन्याची हवा म्हणजे आमचं भांडवल, म्हणून तुम्हाला या उन्हात बोलावलं, आणि म्हणून कूलरने घात केला. तो सगळं ऐकून घेत होता. मधेच त्याने खिशातून कांदा काढून पाहिला आणि परत ठेवला.

दिवस कलायच्या आत पाट्या निघाल्या. एकेक काचेसारखी, गुळाच्या रंगाची, निर्मळ. डावीकडची चळत वाढत गेली आणि उजवीकडे एकही गेली नाही. त्याने माझा हात हातात घेतला. मालकांनी पेढे वाटले आणि पाहुण्याला संत्रा बर्फीचे इतके डबे दिले की त्याची बॅग बंद होईना. घरी मी आईला सांगितलं, पास झालं. ती म्हणाली, मले माहीत होतं, त्या साहेबानं सांगितलंच होतं. तिने गल्लीतल्या बायांना बोलावून चहा पाजला. त्या रात्री मी शांत झोपले, बऱ्याच वर्षांनी.

काही आठवड्यांनी चेन्नईहून मंजुरी आली. माल उत्तम. माझं कौतुकही होतं, की कूलर बंद करण्याची हिंमत असणाऱ्या इंजिनियरच्याच हाताखाली हा माल व्हावा. आणि एक अट होती. उत्पादन कुठल्याही गावाच्या हवेवर अवलंबून असू नये. कोरड्या हवेचं योग्य यंत्र बसवा, सगळी लाइन बंदिस्त करा, मग ऑर्डर. अट शंभर टक्के रास्त होती. त्याच्या जागी मी असते तर मीही तीच घातली असती.

मोठी ऑर्डर समोर दिसताच मालकांचा हात सैल झाला. यंत्र मागवलं. आणि यंत्र मागवल्यावर त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. त्यांच्या साळ्याची गुजरातेत बंदराजवळ जागा होती. कच्चा माल तिथेच जहाजाने उतरायचा, द्रावक तिथेच मिळायचं. नागपुरात फक्त हवा होती. त्यांनी मला पेढ्याच्याच उत्साहाने सांगितलं, "मॅडम, आता हवेचं काही राहिलं नाही ना. मंग इथं कायले बसायचं?" दिलेल्या शब्दाची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, तवा कुठं यंत्र होतं, आणि पुढच्या कामाला लागले. नापास झाले असते तर जायचंच होतं, आणि पास झाले म्हणून जायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या.

मी घरी येऊन आईला म्हटलं, मी नाही जात. नोकरी सोडते. शाळेत शिकवीन, पापड विकीन, काहीही करीन. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "काहून नाही जात? इतके वर्ष त्या पाकाच्या मागं लागली. आता पाक झाला तं भांडं सोडून पळतं काय?" मी म्हटलं, मग तू चल. ती म्हणाली, मी नाही हलत, तुले माहीत आहे. मी खूप भांडले, खूप रडले. पण म्हटलं ना, ती कडी आहे. शेवटी मी गेले.

तिकडचा कारखाना देखणा आहे. समुद्राची खारी, ओली हवा बाहेर राहते, आतली हवा यंत्र कोरडी करतं, आणि पाट्या बाराही महिने निर्मळ निघतात. मी तिथे मोठी मॅडम आहे. माझ्या केबिनमध्ये एसी आहे, त्याचं तोंड माझ्याचकडे आहे.

पहिल्यांदा सुटी मिळाली ती मे महिन्यातच. गाडीतून उतरून घरी आले, पायरीवर चपला काढल्या, हातपाय धुतले आणि माझ्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून खाली बसले. आईने पाणी आणून दिलं. मग ती कूलरपाशी गेली, दोन्ही हातांनी त्याला धरून कुंथत कुंथत वळवलं, आणि त्याचं तोंड माझ्याकडे केलं.

"आई, मी घरचीच आहे ना वं?" मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. "दमून आली. बस."

ती आत गेल्यावर मी उठून तोंड परत मधोमध केलं. ती चहा घेऊन बाहेर आली, कप माझ्या हातात दिला आणि कूलर पुन्हा माझ्याकडे फिरवला. मग टाकीत पाणी किती आहे ते वाकून पाहिलं, आणि लांब भिंतीशी जाऊन बसली.

मला थंडी वाजत होती. पण बंद कर म्हणणं बरं दिसलं नसतं.